विचारणाऱ्यांना विचारणाऱ्या बाई

आमच्या बाईंना ओळखणारं माणूस बसमध्ये त्यांच्याशेजारी बसत नसे. बिदरहून आमच्या ठाणाकुशनूरकडं येणारी सकाळची बस नेहमी गच्च असायची, माणसं दाराला लोंबकळायची, पण बाईंच्या शेजारची जागा रिकामी. एखादा नवखा पाहुणा मोठ्या खुशीत तिथं टेकायचा. बस शहराबाहेर पडते न पडते तोच त्याला पहिला प्रश्न यायचा.

"काय मामा, मेंढीला वरच्या जबड्यात पुढचे दात असतात का हो?"

पाहुणा आधी बाईंकडं बघायचा, मग कंडक्टरकडं. कंडक्टर अशा वेळी मुद्दाम दुसरीकडं तोंड करून पैसे मोजायचा.

"आसतील की."

"आसतील की म्हणजे? बघितलात का?"

"न्हाई बघितलो."

"मग बघा. घरी गेल्यावर एखाद्या मेंढीचं तोंड उघडा. परत गाठ पडली की सांगा मला."

माणूस पुढच्या थांब्याला उठून मागं जायचा आणि उभा राहून प्रवास करायचा. बाईंना त्याचं काही वाटत नसे. त्या बिदरमधल्याच मैलूरला राहायच्या, आमच्या मराठी शाळेत समाजशास्त्र शिकवायच्या, आणि रोजच्या बसचा प्रवास हा त्यांच्या मते वायाच जाणारा वेळ होता, तो कुणालातरी विचारण्यात घालवलेला बरा. उंच, सावळ्या, खांद्यावर बारा महिने छत्री आणि पायात पुरुषी चपला. बायकांच्या चपला चालण्यासाठी केलेल्याच नसतात असं त्यांचं म्हणणं होतं. गावातली पोरं त्यांना 'जी.के. बाई' म्हणायची. बाईंना ते ठाऊक होतं आणि आवडतही होतं.

मेंढीच्या दातांचा प्रश्न त्यांनी आम्हालाही घातला होता. आमच्या वर्गात निम्मी पोरं मेंढ्या राखणाऱ्या घरातली. आमच्याकडंही आजोबांपर्यंत कळप होता, पुढं माझ्या बापानं, अप्पानं, मेंढ्या कमी करून तूर पेरायला सुरुवात केली. "पुस्तकात बघू नका, मेंढीच्या तोंडात बघा," असं बाईंनी सांगितल्यावर संध्याकाळी गावभर पोरं मेंढ्यांचे जबडे फाकवत हिंडत होती. एका म्हाताऱ्याचा मेंढा बिथरून थेट पिठाच्या गिरणीत शिरला. दुसऱ्या दिवशी तो म्हातारा काठी घेऊन शाळेत आला तेव्हा बाईंनी त्याला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि त्यालाच उभ्या वर्गासमोर विचारलं, "सांगा, तुमच्या मेंढ्याला वर दात हायत का?" म्हातारा म्हणाला, "न्हाईत, पण डोस्कं हाय. कुणाचं पोट फाडलं असतं तर?" बाईंनी त्याला पैकीच्या पैकी मार्क दिले.

शनिवारचा शेवटचा तास सामान्य ज्ञानाचा. इतर गुरुजी त्या तासाला पोरांना पटांगणात सोडून द्यायचे. बाई मात्र त्याच तासासाठी आठवडाभर जगत असाव्यात असं वाटायचं. इतिहास, ग्रहतारे, सिनेमा, काही म्हणजे काही वर्ज्य नव्हतं. बिदरच्या जुन्या मदरशाच्या भिंतीवरच्या निळ्या फरशा कुठल्या मुलुखातल्या कारागिरीच्या? शहाळ्यात पाणी शिरतं कुठून? सिनेमातल्या गरीब नायिकेचा बाप सतत खोकतच कामून असतो? शेवटच्या प्रश्नाला वर्गातून वीस उत्तरं आली आणि सगळी बरोबर धरली गेली.

गाईडावर मात्र त्यांचा दात होता. लातूर-उदगीरकडून सामान्य ज्ञानाची पातळ पातळ पुस्तकं आमच्या भागात यायची, प्रश्न डावीकडं, उत्तर उजवीकडं. नोकरीच्या परीक्षांसाठी पोरं ती घोकायची. बाई म्हणायच्या, "ह्यातलं उत्तर कुणी दिलं, त्याला कुणी सांगितलं, ते कुठंच लिहिलेलं न्हाई. मग मी विश्वास कामून ठेवू?"

आमची गंमत अशी की आम्हाला सगळं जगच जोडीनं मिळालं होतं. राज्य कर्नाटक, शाळा मराठी, वर्तमानपत्र लातूरचं, बाजारात बोलायला कानडी आणि दख्खनी उर्दू. पावसाचा अंदाजसुद्धा आम्ही शेजाऱ्यांचा वाचायचो. एकदा बिदरहून तपासणीला साहेब आले आणि त्यांनी वर्गाला मुख्यमंत्री कोण असं विचारलं. सगळ्या वर्गानं छाती फुगवून महाराष्ट्राच्या मुख्यमंत्र्यांचं नाव सांगितलं. हेडमास्तरांच्या कपाळावर घाम आला. साहेबांचा चेहरा उतरलेला बघून बाई पुढं झाल्या.

"साहेब, कुणाचा ते सांगा ना आधी. आमच्या पोरांना दोन्ही येतात."

दोन्ही येत नव्हते हे त्यांनाही माहीत होतं. साहेब गेल्यावर त्यांनी दार लावून आम्हाला असं फैलावर घेतलं की दोन्हीकडचे मुख्यमंत्री, राज्यपाल, पक्षी, झाडं आणि नद्या त्याच आठवड्यात पाठ झाल्या. आणि वर एक नियम झाला. कुणीही असं काही विचारलं की आधी उलट विचारायचं, "तुमचा का आमचा?" लाजायचं नाही. बाई म्हणायच्या, "आपण शिवेवरची माणसं. आपल्याला विचारणाऱ्यानं नीट विचारायला पायजे."

मी नववीत असताना बिदरला गणेशोत्सवात मराठी मंडळींनी सामान्य ज्ञानाची स्पर्धा ठेवली होती. आमच्या शाळेकडून मी होते. पहिलं बक्षीस तीन मजली स्टीलचा डबा. टेबलावर ठेवलेल्या त्या डब्याकडं बघत मी एकेक उत्तर देत गेले आणि शेवटच्या प्रश्नापर्यंत सगळ्यांच्या पुढं होते. परीक्षक म्हणून कुठल्याशा कॉलेजचे प्राध्यापक होते. त्यांनी विचारलं, "चंद्रावरून दिसणारी मानवनिर्मित वस्तू कोणती?"

गाईडात याचं उत्तर चीनची भिंत असं होतं, हे सभागृहातल्या प्रत्येकाला माहीत होतं. मलाही माहीत होतं. पण बाई आम्हाला एकदा बिदरच्या किल्ल्याच्या बुरुजावर घेऊन गेल्या होत्या, खाली उतारावर दिसेनाशा होत जाणाऱ्या गाडीवाटेकडं बोट दाखवून म्हणाल्या होत्या, "ती भिंत लांब हाय खरी, पण रुंदीला आपल्या हुमनाबादच्या रस्त्याएवढीच. इथनं पलीकडच्या गावाची वाट दिसंना, चंद्रावरनं काय दिसायलीय?" मी डब्याकडं शेवटचं बघितलं आणि म्हणाले, "कुठलीच नाही."

चूक, असं प्राध्यापक म्हणाले. डबा गेला. मला दुसरं बक्षीस जाहीर झालं आणि तेवढ्यात मागच्या रांगेतून छत्री हलवत बाई व्यासपीठाकडं निघाल्या. त्यांनी प्राध्यापकांना भिंतीची रुंदी विचारली. ते म्हणाले, पुस्तकात आहे ते उत्तर आहे, इथं वाद नको. बाई म्हणाल्या, वाद कुठं घालायलेय, रुंदी विचारायलेय. अध्यक्षांनी मध्ये पडून गणपतीच्या आरतीची घाई केली. बाईंनी माझ्या हातातली बक्षिसाची वाटी आणि चमचा काढून घेतला, टेबलावर ठेवला आणि म्हणाल्या, "खोट्या उत्तराच्या खालचं बक्षीस आमची पोरगी घेणार न्हाई." बाई मला पोचवायला गावापर्यंत आल्या, आणि मी बसमध्ये सगळ्या वाटेनं रडले. मला चीनच्या भिंतीचं काही सोयरसुतक नव्हतं, मला डबा पाहिजे होता, निदान वाटी तरी. बाईंनी मला समजावलं नाही. त्या शेजारच्या नवख्या माणसाला मेंढीचे दात विचारत होत्या.

पुढं घरोघरी केबल आली, मग टीव्हीवर प्रश्नांचा खेळ आला आणि आख्खा मुलूख फोन लावत बसला. बाईंचे जुने विद्यार्थी पुण्याहून, हैदराबादहून त्यांना फोन करून सांगायचे, बाई तुम्ही जा, तुम्ही तर सगळं जिंकाल. बाईंनी तो कार्यक्रम एकदा पूर्ण बघितला. म्हणाल्या, "चार उत्तरं समोर मांडून इचारतेत. खऱ्या जगात कुणी चार उत्तरं मांडून ठेवलेत का?" आणि टीव्ही बंद करून भाजी निवडायला बसल्या.

त्यांनी लग्न केलं नव्हतं. आता बाईमाणूस एकटं राहतं म्हटलं की गावाला त्याचं कारण लागतं, आणि खरं कारण मिळालं नाही तर गाव ते तयार करतं. कुणी म्हणायचं पत्रिकेत मंगळ होता, कुणी म्हणायचं बापानं हुंडा दिला नाही. एकदा माझ्या मायनं त्यांना तोंडावरच विचारलं. बाई चहाची कपबशी खाली ठेवून म्हणाल्या, "मला बघायला आलते की. मामाचं गाव इचारलं, सांगितले. सुईत दोरा ओवून दाखव म्हणाले, दाखवले. मग म्हणाले चालून दाखव. मग मी चालले. जी चालले ती सरळ दारातनं भाईर, बसस्टँडापर्यंत. मागं वळूनच बघितले न्हाई." माय तोंडाला पदर लावून हसत सुटली, आणि मग अचानक हसायची थांबली.

त्या दिवसापासून माय बाईंची झाली. आमच्याकडं कुणाची मुलगी बघायला पाहुणे येणार असले की ओळखीच्या बाया बाईंना बोलावून घ्यायच्या. शिकलेलं माणूस घरात असलं की पाहुणे जरा दबून बोलतात, एवढाच हेतू. पण बाई नुसत्या बसून राहणाऱ्यातल्या नव्हत्या. पाहुण्यांनी मुलीला विचारून झालं की त्या पदर सावरून म्हणायच्या, "आता आमची पाळी," आणि मुलाला विचारायला लागायच्या. विचारण्यात खोच नसे. तुरीला फूल कुठल्या रंगाचं येतं, देशाच्या झेंड्यातल्या चक्राला आरे किती, घरात पाणी कोण भरतं, असलंच काहीबाही. काही मुलं हसून उत्तरं द्यायची, आणि ती लग्नं सुखानं व्हायची. काहींचे बाप मध्येच उठायचे. मोडलेल्या लग्नांचीच चर्चा होते, त्यामुळं बाई पाय ठेवतात तिथं सोयरीक मोडते अशी आवई उठली.

माझी पाळी बारावीनंतर आली. बिदरच्या कॉलेजात सायन्स घेऊन मी बरी पास झाले होते आणि मला गुलबर्ग्याला बी.एस्सी. करायची होती. हे मी बाईंना सांगितलं होतं, मायला अर्धंमुर्धं सांगितलं होतं, अप्पाला सांगायची हिंमत झाली नव्हती. अप्पा तापट नव्हता, उलट फारच कमी बोलायचा, आणि कमी बोलणाऱ्या माणसाला काही सांगायचं म्हणजे विहिरीत वाकून बोलल्यासारखं वाटतं. तेवढ्यात स्थळ आलं. उदगीरकडचा मुलगा, पुण्याला कंपनीत लागलेला. तेव्हा 'कंपनीतला मुलगा' म्हटलं की आमच्याकडं जमीन असलेली स्थळंसुद्धा मागं पडायची. त्यात मुलाचे काका आमच्या ग्रामपंचायतीच्या अध्यक्षांचे साडू. दसऱ्याच्या मुहूर्तावर उरकून टाकू, असं अप्पानं ठरवूनच टाकलं होतं. कॉलेजच्या प्रवेशाची मुदत त्याच्या कितीतरी आधी संपणार होती.

भिजवलेल्या चुरमुऱ्यांचा फोडणीचा सुशीला खाऊन झाला, चहा झाला. मी डोक्यावर पदर घेऊन पाटावर बसले. बाई कोपऱ्यात मायच्या शेजारी. मुलाच्या काकांनी खिशातल्या पेनाशी खेळत नाव, मामाचं गाव, स्वयंपाक सगळं विचारून घेतलं आणि म्हणाले, "आता जरा जनरल नॉलेज. मुख्यमंत्री कोण?"

सवयीनं माझ्या तोंडून निघून गेलं, "तुमचा का आमचा?"

काकांचं पेन थांबलं. "उलट बोलायलीय का ही?"

"न्हाई न्हाई पाव्हणं," अप्पा घाईनं म्हणाला, "लहान हाय अजून."

मी दोन्ही नावं सांगितली. त्यानं काका जास्तच चिडले असावेत. आणि तेवढ्यात कोपऱ्यातून ते वाक्य आलं, "आता आमची पाळी."

"पोराला इचारतेत व्हय कुठं?" काका म्हणाले.

"कामून? लगीन त्याचं न्हाई का?" असं म्हणून बाई मुलाकडं वळल्या. "कंपनीत काय करता?"

मुलगा साधा होता. मशीनवर गिअर कापतो म्हणाला, आणि दोन्ही हातांची बोटं एकमेकांत अडकवून एका चाकाचे दाते दुसऱ्यात कसे बसावे लागतात ते दाखवायला लागला. दाखवता दाखवता तो खुलला. बाई अगदी पुढं सरकून ऐकत होत्या. "शाब्बास," त्या म्हणाल्या. "आता दुसरा. हिचं जनरल नॉलेज. हिला पुढं काय करायचंय?"

"हे कसलं जनरल नॉलेज?" काका.

"ज्या माणसासंगट जन्म काढायचा त्याची म्हायती नको का?"

मुलानं मान खाली घातली. "न्हाई माहीत," म्हणाला. मग बाईंनी तोच प्रश्न अप्पाला विचारला. अप्पा म्हणाला, "बाई, काय चालवलंय हे?" आणि त्यानं पाहुण्यांपुढं पानाचं ताट सरकवलं. शेवटी त्या मुलानंच माझ्याकडं बघून विचारलं, "काय करायचंय तुम्हाला?"

मला तोवर कुणी 'तुम्ही' म्हटलं नव्हतं. मी सांगितलं. गुलबर्ग्याला जायचंय, केमिस्ट्री घ्यायचीय, आत्ता लग्न करायचं नाही. शेवटचं वाक्य मी ठरवलंच नव्हतं, ते आपोआप बाकीच्यांच्या मागं आलं. दाराशी उभी असलेली शेजारीण "अगं माय गं" म्हणाली, आणि काका चपला शोधायला लागले.

पाहुणे गेल्यावर अप्पा बाईंना एवढंच म्हणाला, "परत आमच्या दारात येऊ नका." बाई म्हणाल्या, "दार तुमचं हाय. न्हाई येत. पण पोरगी काय म्हणाली ते ऐकलात न्हवं?" छत्री उचलून त्या गेल्या. मला त्यांचा भयंकर राग आला होता. मी कायमची उघडी पडले होते, आणि त्या आपल्या बस गाठायला निघाल्या होत्या. पण त्या रात्री मला झोप मात्र शांत लागली.

अप्पा माझ्याशी बोलेनासा झाला. गावात मात्र बोलायला सगळ्यांनाच तोंड फुटलं. अध्यक्षांच्या साडूचा अपमान झालेला, म्हणजे गोष्ट घरातली राहिली नव्हती. बाईंनी सगळ्यांसमोर माफी मागावी, नाहीतर वर सांगून त्यांची बदली करवू, असं ठरलं. बाईंची माफी म्हणजे माझंही बोलणं खोडून काढल्यासारखं होतं. माफी झाली की त्याच स्थळाला परत निरोप धाडायचा, पोरगी बाईंच्या नादानं बोलली म्हणून सांगायचं, आणि दसऱ्याला अक्षता. प्रवेशाची मुदत संपायला थोडेच दिवस राहिले होते.

शाळा सुटल्यावर मोठ्या वर्गात बैठक बसली. पुरुष आत, पोरांच्या बाकांवर गुडघे दुमडून. मी आणि माय बाहेर खिडकीशी उभ्या राहिलो. हेडमास्तर, अध्यक्ष, गावातली चार मोठी माणसं आणि कडेला अप्पा. बाई फळ्यापाशी उभ्या होत्या. त्यांना खुर्ची दिली होती, त्या बसल्या नव्हत्या.

"बाई, माफी मागून टाका," अध्यक्ष म्हणाले. "विषय मिटवू."

"मागते की. कशाची मागू तेवढं सांगा."

"पाव्हण्यांचा अपमान केलात."

"कुठल्या शब्दानं? तो शब्द सांगा, परत घेते."

अध्यक्षांनी हेडमास्तरांकडं बघितलं. हेडमास्तरांनी छताकडं. "पोराला प्रश्न विचारलात," कुणीतरी म्हणालं.

"पोरीला तर तास घेतल्यागत इचारत होते. तवा कुणाचाच अपमान झाला न्हाई?"

"बाई, वाद घालू नका. तुमची बदली करावी लागंल."

"करा," बाई म्हणाल्या. "जिथं करताल तिथंबी लग्नं व्हतातच की."

मागच्या बाकावर कुणीतरी खुदकन हसलं आणि लगेच खोकला काढला. अध्यक्षांचा चेहरा तांबडा झाला. त्यांनी अप्पाकडं हात केला. "पोरीचा बाप तू हाईस. ऊठ. बाईनं काय केलं ते तूच सांग पंचांपुढं."

अप्पा उठला. पोरांच्या बाकातून त्याला नीट उठताही येईना. खांद्यावरचा टॉवेल त्यानं काढला, परत टाकला. मायनं माझा दंड घट्ट धरला होता. बाई त्याच्याकडं बघत होत्या, आणि मला पहिल्यांदाच वाटलं की बाई भ्यायल्यात. बदलीला त्या भीत नव्हत्या. अप्पा आता काय सांगेल याचं भय त्यांना माझ्याइतकंच वाटत होतं.

"बाई," अप्पा म्हणाला, "गुलबर्ग्याचं कुठलं कालेज बरं हाय? पोरींला ऱ्हायची सोय असलेलं."

बाईंनी पदरानं तोंड पुसलं, छत्री काखेत घेतली आणि म्हणाल्या, "उद्या सकाळी बिदर स्टँडावर या पोरीला घेऊन. मी थांबते. संगटच जाऊ, आपल्या डोळ्यांनी बघू."

"बाई, उद्या शाळा आहे," हेडमास्तर म्हणाले.

"माझी रजा लावा," असं म्हणत बाई पंचांना नमस्कार करून बाहेर पडल्या.

अप्पाही मागोमाग आला. अध्यक्ष आतून त्याला नावानं हाका मारत होते, त्यानं वळून बघितलं नाही. खिडकीपाशी येऊन तो माझ्यासमोर उभा राहिला, इतक्या दिवसांनी.

"फारमाला फोटो लागतोय म्हणं. हाय का गं तुझा?"

"एकच होता," मी म्हणाले. "पाव्हण्यांकडं दिलाय."

"ऱ्हाऊ दे त्यांच्याकडं," अप्पा म्हणाला. "बिदरला नवा काढू."